कुलज कोलेस्टेरॉलविकार आणि संयुक्त चिकित्सेची कसोटी

ताडकळस परिसरातील एका खेड्यातला चौतीस वर्षांचा शेतकरी टाचेवरील गाठीसाठी माझ्याकडे आला. गाठ दुखत नव्हती. चप्पल घासते, एवढीच तक्रार होती. तपासले तेव्हा दोन्ही टाचांमागील कंडरा जाड व खडबडीत लागल्या. हाताच्या बोटांवरील कंडरांवरही तसाच स्थूलपणा होता आणि कृष्णमंडलाच्या कडेने पांढरट वलय दिसत होते. देह कृश, व्यसन नाही, आहार जोंदळ्याची भाकरी आणि वरण. वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले होते. थोरला भाऊ एकोणचाळिसाव्या वर्षी कापसाला पाणी देता देता शेतातच कोसळला होता.

त्याच्या पिशवीतील कागदांवर एलडीएल कोलेस्टेरॉल २६८ नोंदलेले होते. एका डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केल्यावर ते १५१ पर्यंत उतरले होते. मी मेदोहर गुग्गुळाचा योग दिला आणि पथ्य सांगितले. जुनी गोळी चालू ठेवावी हे मात्र स्पष्ट शब्दांत बजावले नाही. तीन महिन्यांनी आकडा २६२ आला. विचारले तेव्हा तो सहजपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दोन दोन औषधं कशाला? तुमचं सुरू झालं म्हणून तिकडची गोळी बंद केली."

या अवधीत त्याला काही झाले नाही, हे त्याचे भाग्य आणि माझेही. मात्र या प्रसंगाने एक प्रश्न समोर ठेवला. कुलज कोलेस्टेरॉलविकारात एकाहून अधिक औषधांची गरज असते, हे जगभर मान्य झालेले आहे. त्या औषधांत आपल्या औषधीला स्थान आहे काय, आणि असेल तर ते कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

आदिबलप्रवृत्त व्याधी

सुश्रुताचार्यांनी व्याधींचे सात वर्ग सांगताना शुक्र-शोणिताच्या दोषांतून उद्भवणाऱ्या आदिबलप्रवृत्त व्याधींना पहिले स्थान दिले आणि त्यांचे मातृज व पितृज असे दोन भेद केले. चरकाचार्यांनी अतिस्थौल्याच्या कारणांत आहारविहाराबरोबर बीजस्वभावाचाही उल्लेख केला आहे, आणि कफज नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय गणला आहे. आधुनिक शास्त्राचा कुलज कोलेस्टेरॉलविकार व या संकल्पना तंतोतंत एक आहेत, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. बीजातील दोष केवळ आहारविहाराने पुसला जात नाही, हा बोध मात्र दोन्हीकडे समान आहे.

रक्तातील एलडीएल उचलून घेणारे ग्राहक यकृतपेशींच्या पृष्ठभागावर असतात. मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७०च्या दशकात हे ग्राहक शोधले आणि या विकारात तेच सदोष असतात, असे दाखविले. या कार्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी भारतीय रुग्णांतील या ग्राहकाच्या जनुकाचे बदल २००० मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे हा केवळ पाश्चात्त्यांचा रोग आहे, या समजुतीला आधार उरत नाही.

माता-पित्यांपैकी एकाकडूनच दोष आला असता साधारणपणे अडीचशे व्यक्तींत एक असे प्रमाण आज मानले जाते. हे प्रमाण प्रामुख्याने अन्य देशांतील पाहणीवर आधारलेले आहे. तरीही तेच गृहीत धरून २०११ च्या जनगणनेतील परभणी जिल्ह्याच्या सुमारे १८ लाख लोकसंख्येचा हिशेब केला, तर संख्या सात हजारांच्या घरात जाते. यांतील किती जणांना आपल्याला हा विकार आहे हे ठाऊक असेल, याचा विचार प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णनोंदी चाळून करावा.

अशा रुग्णाच्या प्रत्येक अपत्यात दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. पती व पत्नी दोघेही दोषवाहक असतील तर प्रत्येक अपत्यास दोन्हीकडून दोष मिळण्याची शक्यता एकचतुर्थांश होते. अशा बालकाच्या त्वचेवर लहानपणीच पिवळसर गाठी दिसू लागतात आणि उपचार न झाल्यास विशीच्या आतही हृदयाघात होऊ शकतो. आपल्याकडे आते-मामे भावंडांत विवाह होतात, म्हणून ही बाब अधिक गंभीर ठरते.

एक औषध अपुरे का पडते

जपानचे अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून काँपॅक्टिन वेगळे केले आणि स्टॅटिन वर्गाचा पाया घातला. स्टॅटिनमुळे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावते. ती उणीव भरून काढण्यासाठी यकृत अधिक ग्राहक तयार करते आणि रक्तातील एलडीएल ओढून घेते. सदोष बीजाच्या रुग्णात निरोगी जनुकाची एकच प्रत असते. त्यामुळे लाभ होतो, परंतु आरंभीचा आकडाच एवढा मोठा असतो की पुरेशी घट झाल्यावरही शेष धोकादायक राहतो. मात्रा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. स्टॅटिनची मात्रा प्रत्येक वेळी दुप्पट केली असता एलडीएलमध्ये सुमारे सहा टक्क्यांचीच अधिक घट होते.

यास्तव निराळ्या मार्गाने काम करणारे दुसरे औषध जोडण्याची कल्पना पुढे आली. कोलेस्टिरामिन आतड्यात पित्ताम्ले बांधून ठेवते; एझेटिमाइब आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करते. जपानमधील माबुची व सहकाऱ्यांनी काँपॅक्टिन व कोलेस्टिरामिन यांचा एकत्रित परिणाम याच कुलज विकाराच्या रुग्णांत तपासून १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. दोहोंच्या परिणामांची बेरीज होते, असे त्यात दिसून आले.

संयुक्त औषधांच्या चाचण्यांनी काय शिकविले

१९९० मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृद्रोगाचा कौटुंबिक इतिहास व ॲपोलिपोप्रोटीन-बी वाढलेले १२० पुरुष अडीच वर्षांपर्यंत त्या चाचणीत राहिले. हृदयाच्या रोहिणींची चित्रे काढून तुलना केली असता नेहमीच्या उपचारांच्या गटात ११ टक्के रुग्णांतच अवरोध कमी झाला होता. लोवास्टॅटिन-कोलेस्टिपॉल गटात हे प्रमाण ३२ टक्के, तर नायासिन-कोलेस्टिपॉल गटात ३९ टक्के होते. संयुक्त चिकित्सेविषयीचा विश्वास या चाचणीने दृढ केला.

पुढील काळाने मात्र या विश्वासाला तीन वेळा धक्का दिला. ऑगस्ट २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घेण्यात आले. मांसपेशींचा नाश होऊन अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या ३१ मृत्यूंपैकी १२ रुग्ण त्यासोबत जेमफिब्रोझिल घेत होते. दोन्ही औषधे कोलेस्टेरॉल-मेदावरचीच आणि स्वतंत्रपणे वापरात असलेली होती; धोका त्यांच्या संयोगात वाढला.

डिसेंबर २००६ मध्ये टॉरसेट्रॅपिबची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. सुमारे १५ हजार रुग्णांच्या या चाचणीत ॲटोरव्हास्टॅटिनला हे औषध जोडल्याने एलडीएल घटले आणि 'चांगले' म्हणविले जाणारे एचडीएल पुष्कळ वाढले; तथापि मृत्यूही वाढले. याच संयोगाची ८५० कुलज रुग्णांवरील चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीतही मानेच्या रोहिणीभित्तीचे जाड होणे मंदावले नाही.

तिसरा धक्का २००८ चा. कुलज विकाराच्या ७२० रुग्णांपैकी एका गटाला ८० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन आणि दुसऱ्यास त्यासोबत १० मिलिग्रॅम एझेटिमाइब दोन वर्षे देण्यात आले. संयुक्त गटात एलडीएलची घट १६.५ टक्क्यांनी अधिक झाली, परंतु रोहिणीभित्तीच्या जाडीत अर्थपूर्ण भेद आढळला नाही. यांतील पुष्कळ रुग्ण पूर्वीपासून स्टॅटिन घेत होते व त्यांच्या भित्ती आधीच फारशा जाड नव्हत्या, असे एक स्पष्टीकरण नंतर पुढे आले.

कथा येथे संपत नाही. २०१५ मध्ये हृदयाघातासारखा तीव्र प्रसंग नुकताच होऊन गेलेल्या १८,१४४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सात वर्षांच्या हिशेबात एकट्या सिम्व्हास्टॅटिनच्या गटात हृदयाघातादी घटनांचे प्रमाण ३४.७ टक्के, तर एझेटिमाइब जोडलेल्या गटात ३२.७ टक्के होते. हे रुग्ण कुलज विकारासाठी निवडलेले नव्हते. भेद लहान असला तरी खरा ठरला. जे औषध रोहिणीच्या चित्रावर निरर्थक वाटले, त्याने प्रत्यक्ष आघात कमी केले. आणि ज्याने रक्ताचे आकडे सुधारले, त्याने मृत्यू वाढविले.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. 'कोलेस्टेरॉल उतरते' आणि 'हृदय वाचते' ही दोन वेगळी विधाने असून दोहोंना वेगळा पुरावा लागतो. दुसरे असे की, दोन औषधांचा संयोग हे एक तिसरेच औषध समजून त्याची परीक्षा करावी लागते. संयोगसंस्कारांचे महत्त्व जाणणाऱ्या आयुर्वेदीयांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

गुग्गुळाच्या बाजूचा पुरावा

आता आपल्या औषधीकडे वळू. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन काशी हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळावर प्रबंध लिहिला. १९६६ च्या या कार्यानंतर लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेत गुगुलिपिड हे प्रमाणित सत्त्व सिद्ध झाले. त्याच्या बहुकेंद्री चाचण्यांचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सात केंद्रांत मुंबई व नागपूर ही महाराष्ट्रातील दोन केंद्रे होती. ५०० मिलिग्रॅम मात्रा दिवसातून तीन वेळा बारा आठवडे घेतलेल्या २०५ रुग्णांपैकी ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी घटले. क्लोफिब्रेटशी केलेल्या द्विअंध तुलनेत मात्र गुगुलिपिडने झालेली सरासरी घट ११ टक्के होती. खुल्या चाचणीतील आकडा द्विअंध चाचणीत निम्म्यावर आला, याची नोंद आपण क्वचितच घेतो.

पुढे २००३ मध्ये अमेरिकेतील १०३ प्रौढांवरील आठ आठवड्यांची द्विअंध चाचणी प्रसिद्ध झाली. गुगुलिपिड घेणाऱ्यांत एलडीएल ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, तर मिथ्यौषध घेणाऱ्यांत ५ टक्क्यांनी घटले. गुगुलिपिडच्या गटात सहा जणांना त्वचेवर पुरळ उठले. नॉर्वेतील ४३ जणांवरील २००९ च्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल किंचित घटले, पण एलडीएलमध्ये भेद दिसला नाही. आहार, प्रकृती व द्रव्य यांतील भिन्नतेमुळे हे निष्कर्ष निराळे आले, असे म्हणता येईल. परंतु ते केवळ म्हणून भागत नाही. सिद्ध करावे लागते. शिवाय यांपैकी एकही चाचणी कुलज विकाराच्या रुग्णांसाठी योजलेली नव्हती, आणि हृदयाघात टळतात काय, हे पाहण्याइतकी दीर्घही नव्हती.

संयोगातील संभाव्य धोके

गुगुलिपिडच्या एका मात्रेने डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या हृद्रोगातील औषधांचे रक्तातील प्रमाण लक्षणीय घटते, असे मुंबईच्या औषधशास्त्रज्ञांनी निरोगी व्यक्तींत दाखवून १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. गुग्गुलस्टेरोन यकृतातील सीवायपी ३ए४ या विकराची निर्मिती वाढवू शकते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सांगतात. सिम्व्हास्टॅटिन व ॲटोरव्हास्टॅटिन यांचे विघटन याच विकराने होते. अर्थात गुग्गुळामुळे स्टॅटिनचा प्रभाव कमी होण्याची शक्यता आहे. उलटपक्षी, केवळ गुग्गुळसत्त्व घेणाऱ्या एका रुग्णात मांसपेशीनाश झाल्याची नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. शक्यता दोन्ही दिशांनी असताना अंदाजावर विसंबणे धोक्याचे आहे.

'लाल यीस्ट तांदूळ' या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरकांविषयी औषधविक्रेत्यांनी विशेष सावध असावे. त्यातील मोनाकोलिन-के हे द्रव्य म्हणजेच लोवास्टॅटिन होय. स्टॅटिन घेणाऱ्यास ते 'वनस्पतिजन्य' म्हणून दिले, तर नकळत दुसरे स्टॅटिन दिल्यासारखे होते.

योग्य चाचणी कशी असावी

कुलज विकारातील रुग्णाचे स्टॅटिन काढून त्यास नवे औषध देऊन पाहणे नीतिसंमत नाही. म्हणूनच अलीकडच्या चाचण्यांत मूळ उपचार दोन्ही गटांत कायम ठेवून एका गटास नवे औषध, तर दुसऱ्यास मिथ्यौषध जोडले जाते. दोन्हीकडून दोष आलेल्या ६५ रुग्णांवरील इव्हिनॅकुमॅबची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तीही याच पद्धतीची होती. उपलब्ध औषधे चालू असतानाच या नव्या औषधाने चोवीस आठवड्यांत एलडीएल सुमारे निम्म्याने उतरविले. घरावर मजला चढविताना पाया उकरावयाचा नसतो, हे साधे तत्त्व यामागे आहे.

गुग्गुळाची परीक्षा करावयाची तर तीही याच मार्गाने व्हावी. दोन्ही गटांस पुरेशा मात्रेत स्टॅटिन व एझेटिमाइब असावे. त्यावर एका गटास शोधित गुग्गुळाचा निश्चित योग, तर दुसऱ्यास गंध व रुचीने ओळखू न येणारे मिथ्यौषध द्यावे. गुग्गुळाचा उग्र गंध पाहता हे अवघड आहे, परंतु कोषात भरून देता येण्यासारखे आहे. एलडीएलसोबत यकृताची व मांसपेशींची विकरे, आणि रक्तातील स्टॅटिनचे प्रमाणही मोजावे. नीतिसमितीची संमती व चाचणीची पूर्वनोंदणी अपरिहार्य आहे. आपल्या देशात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून तेथील नोंदणी बंधनकारक करण्यात आली. अशी चाचणी एखाद्या वैद्याच्या आवाक्यातील नव्हे. परंतु आयुर्वेद महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय व आपली संघटना एकत्र आल्यास ती अशक्यही नाही. कुलज रुग्णांची कुटुंबे शोधून ठेवणे हे तिचे पहिले पाऊल, आणि ते मात्र आपल्याच हाती आहे.

औषधनिर्मात्यांवर येथे मोठी जबाबदारी येते. नवीन गुग्गुळ बृंहण व पुराण गुग्गुळ लेखन, हा भेद आपल्या ग्रंथांनी केलेला आहे. मग चाचणीत वापरलेला गुग्गुळ किती जुना, त्याचे शोधन त्रिफळाक्वाथात केले की गोमूत्रात, आणि त्यात गुग्गुलस्टेरोनचे प्रमाण किती, हे नोंदल्याविना निष्कर्षास अर्थ नाही. राजस्थान व कच्छकडील हा वृक्ष अतिसंकटग्रस्त गणला गेला आहे. द्रव्य दुर्मिळ झाले की भेसळ वाढते. प्रत्येक घाण्यातील गुग्गुळ निराळा असेल, तर चाचणी कशाची झाली, हेच सांगता येणार नाही.

आज आपण काय करावे

चाचणी होईपर्यंत थांबता येत नाही. रुग्ण दाराशी उभा असतो. अशा वेळी पुढील गोष्टी निश्चितपणे करता येतील.

१. तरुण वयातील हृदयाघाताचा कौटुंबिक इतिहास, कंडरांवरील गाठी, पंचेचाळिशीच्या आतील कृष्णमंडलवलय किंवा प्रौढात १९० च्या वर एलडीएल आढळल्यास कुलज विकाराची शंका घ्यावी. अवटु ग्रंथीचे व मूत्रपिंडाचे विकार वगळून रुग्णास हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. कृश देह पाहून शंका सोडू नये.

२. चालू असलेले स्टॅटिन वा अन्य औषध स्वतःहून बंद करू नये. 'ही गोळी चालूच ठेवा' असे औषधपत्रावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने मात्र त्या आधीच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

३. स्टॅटिन घेणाऱ्या अशा रुग्णास गुग्गुळकल्प अन्य कारणासाठी देणे भाग पडल्यास मूळ डॉक्टरांना कळवावे, सहा ते आठ आठवड्यांनी एलडीएल तपासावे आणि मांसवेदना किंवा मूत्राचा गडद वर्ण दिसताच तत्काळ तपासणी करावी.

४. रुग्णाचे भाऊ, बहिणी व अपत्ये यांची रक्ततपासणी करवून घ्यावी. हॉलंडमध्ये बालवयातच स्टॅटिन सुरू केलेल्या २१४ रुग्णांचा वीस वर्षांनंतरचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यातील एक टक्का जणांना हृद्रोगाचा प्रसंग आला. त्यांच्या बाधित माता-पित्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. लवकर निदानाचे मोल याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

५. औषधविक्रेत्यांनी दुकानात 'कोलेस्टेरॉलवर रामबाण' अशा पाट्या लावू नयेत. हृद्रोगावरील अशा जाहिराती १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या कक्षेत येतात. स्टॅटिन नियमित नेणारा ग्राहक अचानक येईनासा झाला, तर चौकशी करावी.

आहार, व्यायाम, धूम्रपानत्याग व मनःस्वास्थ्य यांबाबत आयुर्वेदाचे मार्गदर्शन या रुग्णांनाही अमोल आहे. पण ते औषधाच्या जोडीने, औषधाऐवजी नव्हे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या रुग्णाने गोळी पुन्हा सुरू केली. पुढे तज्ज्ञांनी एझेटिमाइब जोडले आणि त्याचे एलडीएल ११० च्या खाली आले. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचे एलडीएल १९६ निघाले. तीही आता तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे. त्याच्या घरात एक सोयरीकही ठरत होती: वारलेल्या भावाची मुलगी आणि बहिणीचा मुलगा. 'आधी दोघांचे रक्त तपासा,' एवढेच मी सुचविले. मुलीचा आकडा वाढलेला, मुलाचा प्राकृत निघाला. त्यांच्या अपत्यास दोन्हीकडून दोष मिळण्याची भीती त्यामुळे जवळजवळ उरली नाही. मुलीच्या उपचारास आरंभ झाला. लग्नाचा निर्णय घरच्यांचा. त्यात वैद्याने पडू नये.

त्या घरातील वडिलांचे आणि थोरल्या भावाचे निदान कधी झालेच नाही. त्यांच्या वेळी कोणी टाचेकडे पाहिले असते, तर काय झाले असते, हे आता सांगता येत नाही. आपल्या दारी येणाऱ्या पुढच्या रुग्णाची टाच मात्र आपण पाहू शकतो.